निवेदन दिले, पुढे काय?

नवा कर लागला, रेल्वेचा थांबा गेला किंवा बाजारातील अतिक्रमणे हटविण्याची नोटीस निघाली की तालुक्याच्या गावी काय घडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दहा-पंधरा व्यापारी जमतात. कुणाच्या तरी दुकानात बसून निवेदन लिहिले जाते. तहसील कार्यालयात ते देताना फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते आणि विषय तिथेच संपतो. निवेदनावर आवक क्रमांक पडतो. पण त्या कागदाचे पुढे काय झाले, हे विचारायला सहसा कुणी जात नाही.

व्यापाऱ्यांनी आपल्या हितासाठी जाहीरपणे बोलावे की नाही, हा प्रश्नच नाही. बोललेच पाहिजे. कारखानदार बोलतात, गिरणीमालक बोलतात, शेतकरी संघटना बोलतात, सरकारी कर्मचारीही बोलतात. जो बोलत नाही त्याच्या वाट्याचा निर्णय दुसरा कुणी तरी करून टाकतो. प्रश्न आहे तो कसे बोलावे याचा. इतरांच्या वतीने बोलणे ही एक जबाबदारी आहे आणि तिच्यात तीन प्रश्नांची उत्तरे आधी तयार असावी लागतात. मी कोणाच्या वतीने बोलतो आहे? कोणाशी बोलतो आहे? आणि कशाच्या आधारावर बोलतो आहे? या तिन्हींची उत्तरे नसली की कितीही मोठ्या आवाजात बोलले तरी कागद हलत नाही. मूर्तिजापूरच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको, कारण शकुंतला रेल्वेचे उदाहरण त्यांच्या डोळ्यासमोर आहे.

शकुंतलेचा धडा

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे जंक्शन. येथून उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर आणि दक्षिणेला कारंजा, दारव्हा करीत यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर अशी अरुंद रुळांची लाईन गेली. वऱ्हाडातील कापूस मुख्य लोहमार्गावर आणून मुंबईच्या बंदरात पोहोचविणे, हा तिचा मूळ हेतू. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे मार्गाची मालकी आणि गाड्या चालविणार सरकारी रेल्वे, अशी करारातली विभागणी होती. स्वातंत्र्यानंतर इतर रेल्वे कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, ही मात्र राहून गेली. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले. अचलपूरपर्यंतच्या प्रवासाला चार तास लागत. तरीही तिकीट स्वस्त असल्यामुळे खेड्यापाड्यातील गरीब माणसाची ती हक्काची गाडी होती. आज या दोन्ही मार्गांवर गाडी धावत नाही.

या गाडीसाठी वऱ्हाडात बोलणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, निवेदने गेली, लोकसभेत प्रश्न उपस्थित झाले. २०१६ साली तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा मार्ग रुंद करण्यासाठी सुमारे १५०० कोटी रुपयांची घोषणाही झाली. परंतु मोठी गाडी काही या रुळांवर आली नाही.

असे का झाले? यात सरकारची दिरंगाई आहेच, ती झाकण्याचे कारण नाही. पण बोलणाऱ्यांची बाजूही तपासली पाहिजे. वर्षानुवर्षे सर्वांत जास्त गाजलेले वाक्य कोणते, तर "देश स्वतंत्र झाला, पण आमची रेल्वे अजून इंग्रजांच्याच मालकीची आहे." ऐकायला हे वाक्य जोरदार आहे. दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. वस्तुस्थिती मात्र अशी की किलिक निक्सन ही पेढी पुढे भारतीय मालकांच्या हाती गेली. म्हणजे खरा प्रश्न एका खासगी कंपनीशी झालेल्या जुन्या कराराचा आणि त्याच्या हिशेबाचा होता. इंग्रजांना घालवून देण्याचा तो प्रश्न राहिलेला नव्हता. चुकीच्या मुद्द्याने मथळा मिळतो. पण अधिकारी फाईल उघडतो तेव्हा त्याला पहिल्याच पानावर कळते की समोरच्याने कागद वाचलेला नाही. त्यानंतर त्याच माणसाचा खरा मुद्दाही हलका पडतो.

भावनेला किंमत नाही असे आम्ही म्हणत नाही. लोकांनी या गाडीवर प्रेम केले म्हणूनच तिचे नाव अजून घेतले जाते. पण रेल्वे बोर्ड नवा मार्ग मंजूर करताना सर्वेक्षण करते आणि त्यात खर्चाच्या मानाने उत्पन्न किती, हे पाहते. तेथे प्रेमाचा रकाना नसतो, मालाचा आणि प्रवाशांचा असतो. मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूर येथून वर्षाला किती गाठी रुई, किती सरकी, तूर, हरभरा आणि सोयाबीन बाहेर जाते? अचलपूर-परतवाड्याकडची संत्री किती ट्रक निघतात? त्यातला किती माल रेल्वेने पाठवायला व्यापारी लेखी तयार आहेत? ट्रकभाडे किती पडते? हे आकडे सरकारकडे नसतात. ते असतात जिनवाल्यांच्या वहीत, अडत्यांच्या पट्टीत आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्टीबुकात. म्हणजे जे फक्त व्यापाऱ्यांनाच देता येईल, तेच व्यापाऱ्यांच्या निवेदनात असायला हवे.

परिस्थिती आता आणखी बदलली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचे काम सुरू असून फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरूही झाली. यवतमाळला वर्ध्याच्या बाजूने मोठी गाडी मिळणार असेल तर मूर्तिजापूरच्या बाजूने दुसरा मार्ग कशासाठी, असा प्रश्न दिल्लीत विचारला जाणारच. त्याचे उत्तर असू शकते. दारव्हा-कारंजाचा पश्चिमेकडे म्हणजे अकोला-मुंबईकडे जाणारा माल वर्ध्याला वळसा घालून का जावा, हा रास्त मुद्दा आहे. अचलपूर-अंजनगाव-दर्यापूर या पट्ट्याला तर त्या मार्गाचा काहीच उपयोग नाही. पण हे उत्तर आकड्यांसह तयार ठेवावे लागेल. जुनेच निवेदन तारीख बदलून देण्याने ते साधणार नाही.

कोणाशी बोलायचे?

दुसरा प्रश्न दाराचा. आपल्याकडे सगळी निवेदने तहसीलदारांकडे जातात, कारण ते कार्यालय जवळ आहे. तहसीलदार बिचारे ती वर पाठवितात. पण ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्यापुढे कितीही बोलले तरी ते फक्त पोच घेण्यापुरतेच.

कापसाच्या जीएसटीचे उदाहरण घ्या. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने स्वतःच कर भरायचा, अशी उलट आकारणीची पद्धत लागू झाली. जिनवाल्याने कापूस घेताना कर भरायचा आणि रुई-सरकी विकली की तो वळता करून घ्यायचा. मधल्या काळात त्याचे खेळते भांडवल अडकते. मोठ्या जिनला बँक उभी करते, छोट्याला व्याजाने पैसा आणावा लागतो. तक्रार अगदी रास्त होती. पण हा निर्णय ना तहसीलदारांचा, ना जिल्हाधिकाऱ्यांचा. तो जीएसटी परिषदेचा. या परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे, तर ठराव होण्यासाठी तीन चतुर्थांश वजन लागते. म्हणजे महाराष्ट्राच्या वतीने परिषदेत बसणाऱ्या मंत्र्याला हा मुद्दा पटणे आणि गुजरात, तेलंगणासारख्या कापूस पिकविणाऱ्या दुसऱ्या राज्यांतील जिनवाल्यांनीही आपापल्या मंत्र्यांना तोच मुद्दा सांगणे, हा खरा रस्ता. मूर्तिजापूरच्या जिनवाल्याने गुजरातेतील जिनवाल्याला लिहिलेले एक पत्र अशा वेळी दहा मोर्च्यांपेक्षा उपयोगी पडते.

रेल्वेचेही तसेच. मूर्तिजापूर मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. प्रत्येक विभागाला रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती असते आणि तिच्यात व्यापारी संघटनांच्या प्रतिनिधींना जागा असते. केंद्र सरकारने २०१४ साली असे धोरण ठरविले की नव्या कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. राज्य सरकारही अनेक नियमांचे मसुदे हरकती व सूचनांसाठी राजपत्रात प्रसिद्ध करते. संसदेच्या समित्या विधेयकांवर लेखी म्हणणे मागवितात. ही दारे उघडी असतात तेव्हा आपण झोपलेले असतो आणि ती बंद झाल्यावर रस्त्यावर येतो. आलेल्या मसुद्यावर मुदतीत पाठविलेले दोन पानांचे पत्र कायदा झाल्यानंतरच्या बंदपेक्षा स्वस्त पडते आणि त्यात कुणाची रोजीही बुडत नाही.

बंदचा हिशेब

बंदचा विषय निघालाच आहे तर स्थानिक संस्था कराचे, म्हणजे एलबीटीचे आंदोलन आठवावे. जकातीच्या जागी आलेल्या या कराविरुद्ध २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्यासह राज्यातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांवरचा हा कर रद्द झाला. यावरून अनेकांनी असा अर्थ काढला की बंद केला म्हणजे सरकार झुकते.

हा अर्थ अपुरा आहे. त्या आंदोलनाच्या नेत्यांकडे पर्याय तयार होता. कर द्यायला आमची ना नाही, पण व्हॅटबरोबरच तो वसूल करा, दुसऱ्या खात्याचा ससेमिरा मागे लावू नका, हे त्यांचे म्हणणे होते. "नको" म्हणणाऱ्याने "मग काय हवे" याचे उत्तर दिले तर सरकारला मागे येण्यासाठी वाट राहते. शिवाय पुढे निवडणुका होत्या आणि मागणी राजकीय पक्षांच्या आश्वासनांत शिरली होती. कर गेल्यावर महापालिकांची तूट राज्याला भरून द्यावी लागली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. व्यापाऱ्याच्या सवलतीचा भार कुठे तरी पडतोच. तो कुठे पडेल हे व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधीने स्वतःच आधी सांगितले तर लोकांचा त्याच्यावरचा विश्वास वाढतो.

आणि बंदचा खर्च कोण सोसतो? मोठा ठोक व्यापारी आठ दिवस कुलूप लावू शकतो. हातगाडीवर फळे विकणारा, शिलाई मशीनवर बसणारा, गॅरेजमध्ये काम करणारा, मंडईतला हमाल यांचे तसे नाही. आज कमावले तर संध्याकाळी चूल पेटते. बंद पुकारण्याच्या बैठकीत त्यांना कुणी बोलावलेले नसते. दुकान उघडे दिसले की मात्र पहिला दगड त्यांच्यावर पडतो.

कोणाच्या वतीने?

येथे आपण मूळ प्रश्नावर येतो. आपल्याच भागातील कारंज्याचे उदाहरण बोलके आहे. १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातील पहिला मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि पुढे देशभर बाजार समित्यांचे जे कायदे झाले, त्यांच्या आधीचे हे पाऊल म्हणून त्याचे महत्त्व आहे. पण त्या वेळच्या समित्यांवर व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे होती. कापूस पिकविणाऱ्याला तेथे जागा नव्हती. बाजार ज्याच्या मालावर चालतो त्याचाच आवाज बाजाराच्या कारभारात नाही, अशी ती रचना. पुढे शेतकऱ्यांच्या मनात व्यापाऱ्यांविषयी जो अविश्वास साचला, त्याची मुळे अशा ठिकाणी आहेत. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खासगी व्यापाऱ्याला खरेदीतून बाहेर काढले गेले तेव्हा व्यापाऱ्याच्या बाजूने बोलायला शेतकरी उभा राहिला नाही, यात नवल ते काय?

उलट शरद जोशी यांनी १९८० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या वतीने बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या भाषणाचा गाभा एकच होता: उत्पादन खर्चावर आधारित भाव. कांदा असो, ऊस असो की कापूस, क्विंटलमागे शेतकऱ्याला किती खर्च येतो हे ते मांडत. त्यांच्या सर्व मतांशी सहमत असण्याची गरज नाही. पण ते कोणासाठी बोलत आहेत आणि काय मागत आहेत, याविषयी कुणाच्या मनात शंका राहत नसे.

आपल्या व्यापारी संघटनांचे मात्र नेमके उलटे होते. जो उठतो तो म्हणतो, "आम्ही शेतकरी, कामगार, ग्राहक, सर्वांच्या वतीने बोलत आहोत." सर्वांच्या वतीने बोलणारा कुणाच्याच वतीने बोलत नाही. कापसावरील आयात शुल्काचा वाद पाहा. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कापसाच्या आयातीवर शुल्क लावले, ते एकंदर ११ टक्के पडत होते. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने ते तात्पुरते माफ केले आणि पुढे ती माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. सूत गिरण्या आणि कापड निर्यातदारांच्या संघटनांना हे हवे होते, कारण अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लावला होता आणि त्यांना स्वस्त रुई पाहिजे होती. शेतकरी संघटनांनी विरोध केला, कारण नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर भाव पडण्याची धास्ती होती. दोघांचेही हित स्पष्ट, दोघांचेही म्हणणे स्पष्ट. मधल्या जिनवाल्याचे आणि अडत्याचे काय? त्याला कापसाची आवक भरपूर हवी, जिन पूर्ण हंगाम चालायला हवा, रुईला गिऱ्हाईक हवे. बाहेरची रुई आली तर गिरणी त्याच्या गाठी घेणार नाही. हे त्याचे स्वतःचे हित आहे आणि ते सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही. "आम्ही व्यापारी आहोत, यात आमचे एवढे नुकसान आहे, आणि या एका मुद्द्यावर शेतकऱ्याचे हित आमच्यासारखेच आहे," असे सरळ सांगणाऱ्याचे ऐकले जाते. शेतकऱ्याचा कैवारी असल्याचा आव आणणाऱ्याचे ऐकले जात नाही.

छोट्या व्यावसायिकाची जागा

या पानाच्या वाचकांत छोटे व्यावसायिक बहुसंख्य आहेत. फळविक्रेते, भंगारवाले, शिंपी, मेकॅनिक, रंगारी, मांसविक्रेते, हातगाडीवाले. यांपैकी कितीजण गावच्या व्यापारी संघाचे सभासद आहेत? फार थोडे. "ती मोठ्यांची संघटना आहे, तिथे आपले कोण ऐकणार," ही एक समजूत. संघवाल्यांचीही समजूत अशी की हातगाडीवाला म्हणजे व्यापारी नव्हेच. दोन्ही समजुतींनी नुकसान छोट्याचेच होते.

कायद्याने मात्र छोट्याला जागा दिली आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे त्यात लिहिले आहे. अतिक्रमणाची गाडी आल्यावर नगरसेवकाला फोन करण्यापेक्षा आपल्या गावात ही समिती आहे का, सर्वेक्षण झाले का, त्यात आपले नाव आहे का, हे नगरपरिषदेला लेखी विचारणे अधिक उपयोगाचे. मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलांनी एवढे एक काम हाती घेतले तरी पुष्कळ होईल.

प्रतिनिधीपण ही अमानत आहे

ज्याला दहा माणसे आपल्या वतीने बोलायला उभे करतात, त्याच्याकडे त्यांनी आपला शब्द ठेव म्हणून दिलेला असतो. पेढीवर ठेवलेल्या अमानतीला जो नियम तोच या अमानतीला. जेवढे दिले तेवढेच वापरायचे आणि हिशेब परत द्यायचा. सभेत ठरले नाही ते व्यासपीठावर बोलायचे नाही. अधिकाऱ्याशी काय बोलणे झाले ते परत येऊन सभासदांना सांगायचे, त्यात नकार मिळाला असेल तर तोही सांगायचा. मतभेद असतील तर "आमच्यात या मुद्द्यावर दोन मते आहेत" हे कबूल करायचे. वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावायचा. आणि संघाच्या नावाने मिळालेली ओळख स्वतःच्या परवान्यासाठी किंवा उमेदवारीसाठी वापरायची नाही. राजकारण करायचे तर खुशाल करावे, पण आधी पद सोडावे.

हे सर्व आपल्या मुलखाला नवीन आहे असेही नाही. १९०५ साली बनारसला काँग्रेसच्या अधिवेशनाच्या जोडीने भारतीय औद्योगिक परिषद भरली. रमेशचंद्र दत्त तिचे अध्यक्ष होते. तिचे सरचिटणीस म्हणून काम पाहिले ते अमरावतीचे वकील रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांनी, आणि परिषदेची कचेरीही अमरावतीलाच होती. सबंध देशातील उद्योग-व्यापाराचे प्रश्न गोळा करून, त्यांचे अहवाल छापून सरकारसमोर ठेवण्याचे काम वऱ्हाडातील एका गावातून चालत होते. तेव्हा ना फोन होते, ना संगणक. होती ती पत्रे, फायली आणि चिकाटी.

मूर्तिजापूरच्या व्यापाऱ्यांनी, आणि त्यांच्यासारख्याच प्रत्येक तालुक्याच्या गावातील व्यापाऱ्यांनी, पुढचे निवेदन लिहिण्याआधी एक वही घालावी. गेल्या हंगामात कोणता माल किती आला, किती गेला, कोणत्या वाहनाने गेला, भाडे किती पडले, कर किती दिवस अडकला, एवढेच त्यात लिहावे. जिनवाल्यापासून हातगाडीवाल्यापर्यंत प्रत्येकाने आपला आकडा द्यावा. मग ठरवावे की कोणता प्रश्न कोणत्या दारात न्यायचा आणि तो घेऊन कोणी जायचे. त्यानंतर निवेदन द्यावे, आवक क्रमांक वहीत टिपावा आणि तीस दिवसांनी त्याच दारात जाऊन उत्तर मागावे. फोटो काढायचा असेल तर तो उत्तर मिळाल्यावर काढावा.